शरदातले फडताळ

पाऊस ओसरला की जुन्या घरांत एक काम ठरलेले असे. फडताळातली पुस्तके बाहेर काढायची, झटकायची, सावलीत पसरून त्यांना वारा द्यायचा, कसर लागली आहे का ते पाहायचे, आणि दसऱ्याला त्यांतली चार निवडक पुस्तके पूजेच्या पाटावर मांडायची. ज्यांना दम्याचा किंवा शिंकांचा त्रास आहे, त्या ज्येष्ठांनी झटकण्याचे काम घरातल्या तरुण हातांवर सोपवावे. बुरशीची धूळ वाचनप्रेम पाहून दयामाया दाखवीत नाही. पुढचे काम मात्र त्यांनी कोणालाही देऊ नये. ते म्हणजे पुस्तके पुन्हा लावण्याचे.

शरद ऋतूला वैद्यांची माता म्हणणारे एक संस्कृत वचन आहे. दुपारचे रणरणते ऊन आणि पहाटेचा गारवा यांमुळे दुखणी वाढतात आणि वैद्यांचे पोषण होते, असा त्यातला मिस्कील भाव. आश्विन-कार्तिकात दुपारी बाहेर पडवत नाही आणि संध्याकाळही लवकर अंधारते. घरात बसण्याचे तास आपोआप वाढतात. तेव्हा यंदा पुस्तके लेखकांच्या किंवा विषयांच्या क्रमाने न लावता, ती कोणत्या वेळी आणि कशी वाचायची त्याप्रमाणे लावून पाहू. खणांना नावेही तशीच देऊ. ग्रंथपाल हसतील, हसू देत.

पहिल्या खणाचे नाव ‘एकाने वाचावे, दोघांनी ऐकावे’. हा खण मी हाताशी, सर्वांत सोयीच्या उंचीवर ठेवीन, कारण आपल्या वाचकांपैकी पुष्कळ घरांत एकाची दृष्टी किंवा स्मृती मंदावलेली आहे आणि दुसरा त्याची काळजी वाहतो आहे. मोठ्याने वाचायला प्रत्येक पुस्तक चालत नाही. वाक्ये बोलल्यासारखी हवीत, प्रकरणे आखूड हवीत, आणि कालचे विसरले तरी आजचे समजले पाहिजे. या तिन्ही कसोट्यांवर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’इतके खरे उतरणारे दुसरे पुस्तक मला सुचत नाही. १९३४ ते १९३६ या काळात ते भागांनी प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांचे गद्य अंगणात बसून सांगितल्यासारखे आहे. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे वर्णन असो की पतीच्या विसराळू, उदार आणि तापट स्वभावाचे, दुःखाच्या ऐन मध्यावर त्यांना हसू फुटते. एखाद्या संध्याकाळी पाच पाने वाचून थांबले तरी काही अर्धवट राहिले असे वाटत नाही.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही तर मुळातच ऐकण्याच्या बेताने रचलेली आहे. बहुतेक सगळी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, आणि प्रकरणांना प्रकरणे न म्हणता ‘रात्री’ म्हटले आहे. अशा बेचाळीस रात्री. रोज एक घेतली तर कोजागरीला सुरू केलेले पुस्तक तुळशीच्या लग्नानंतरही दोन आठवडे पुरते. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शेवटच्या रात्री आईच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या आहेत. घरात नुकतेच कोणी गेले असेल तर ऐकणाऱ्याला आधी विचारावे. काहींना तेच ऐकून मोकळे रडता येते आणि ते त्यांना हवे असते. काहींना ते सोसत नाही. ज्याचे त्याला ठरवू द्यावे. ‘मुकी फुले’ आणि ‘पत्रावळ’ या रात्री मात्र कोणत्याही दिवशी वाचाव्यात.

ज्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे त्यांच्यासाठी वाचताना परीक्षा घेण्याचा मोह टाळावा. ‘आठवतं ना, काल कुठवर आलो होतो?’ हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी समोरच्याला तो चाबकासारखा लागतो, कारण उत्तर देता येणार नाही हे त्यांना कळत असते. त्याऐवजी आपणच दोन वाक्यांत मागचे सांगून पुढे जावे. तोच भाग चार दिवस मागितला तर चार दिवस वाचावा. अलीकडच्या आठवणी आधी पुसट होतात आणि लहानपणीच्या पुष्कळ काळ टिकतात, म्हणून जुनी ओळखीची पुस्तके नव्यांहून अधिक कामाची. अनेकांना दिवस मावळताना अस्वस्थता वाढते, घरी बसूनही ‘घरी जायचंय’ असे ते म्हणू लागतात. वाचनाची बैठक त्या वेळेच्या अर्धा तास आधी, दिवे लावून घेऊन, सुरू करावी. शब्दांचा अर्थ पोचला नाही तरी ओळखीचा आवाज पोचतो.

याच खणाच्या कडेला ‘डोळे मिटून वाचायची’ अशी एक पट्टी असावी. तिच्यावर बहिणाबाई चौधरींची गाणी. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली. ओवीची लय अंगात मुरलेल्या पिढीतील बायकांना, इतर बोलणे जवळपास थांबले असतानाही, पुढची ओळ सुचते हे अनेक सेवाकर्त्यांच्या अनुभवाचे आहे. तेथेच कथाकथनेही ठेवावीत. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगावी जाऊन कथा सांगितल्या. ध्वनिमुद्रण मिळाल्यास मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ दुपारच्या चहाबरोबर ऐकून पाहा. छापील मजकूर वाचताच येत नाही अशांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. नोंदणीचे काम नातवंडांना सांगावे.

दुसऱ्या खणाचे नाव ‘उंबरठा न ओलांडता’. गुडघे कुरकुरतात, प्रवासाला मुले नको म्हणतात, पण चित्त मात्र फिरतेच. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घ्या. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. इतके सारे सोसून परतताना त्यांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली. इतिहास म्हणून हे पुस्तक पुष्कळांनी वाचले. वृद्ध आईबापांच्या ओढीने घरी पोचलेल्या मुलाची हकिगत म्हणून ते एकदा वाचून पाहावे. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ विलायतेला नेते, ‘पूर्वरंग’ जपानपर्यंत. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्ये नर्मदेची परिक्रमा आहे. आणि दूर जायचे नसेल तर माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आहेच. एक तरुण मास्तर, मेंढरे, माणदेशचा माळ आणि अवघी थोडकी पाने. हातात हलकी, मनात जड.

वजनाचा विषय निघालाच आहे तर बोलून घेऊ. ‘मृत्युंजय’ आणि ‘स्वामी’ या कादंबऱ्यांवर पिढ्या पोसल्या, परंतु जाडजूड पुस्तक उताणे झोपून छातीवर धरणे हे संधिवात झालेल्या बोटांना आणि मनगटांना सोसत नाही. पोथी वाचताना वापरतात तसला घडीचा लाकडी स्टँड टेबलावर ठेवून, पाठ टेकून, मान न वाकवता वाचावे. दिवा डोक्यावरच्या छताला नसून खांद्यामागून पानावर पडणारा असावा. वयाबरोबर डोळ्यांतले भिंग पिवळसर होते, बाहुली आकसते, आणि तरुण डोळ्याला पुरणारा प्रकाश साठीनंतर अपुरा पडतो. वाचताना पापण्या कमी लवतात, त्यातून ऑक्टोबरची कोरडी हवा आणि तोंडावर पंखा. डोळे चुरचुरणार नाहीत तर काय होईल?

‘आजोबांचं वाचनातलं मन उडालं,’ असे घरात कोणी म्हणू लागले की हा विषय केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. आयुष्यभर वाचणाऱ्या माणसाचे मन सहसा एकाएकी उडत नाही. मोतीबिंदू वाढत असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल आणि ‘या वयात कशाला नवा चष्मा’ म्हणून ते गप्प असतील. तेच पान पुन्हापुन्हा वाचले जात असेल तर स्मृतीकडे लक्ष द्यावे. वाचनाबरोबर खाणे, बोलणे, दाढी करणे यांतलाही रस गेला असेल तर तो नैराश्याचा संकेत असू शकतो, आणि नैराश्यावर उतारवयातही उपचार होतात. आणखी एक गोष्ट आपली आपण घरी पाहता येते. एक डोळा हाताने झाकून पुस्तकातली ओळ पाहावी, मग दुसरा झाकून. सरळ ओळ मध्येच वाकडी, लाटेसारखी दिसली, किंवा ओळीच्या मधले शब्द पुसल्यासारखे वाटले, तर दिवाळी उरकण्याची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दृष्टिपटलाचे काही विकार लवकर सापडले तरच आवरता येतात.

तिसरा खण ‘फोडणीच्या वासाचा’. पाककृतींची पुस्तके वाचण्यासाठी असतात हे पुष्कळांना पटत नाही. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि नव्या संसारांत आईच्या जागी जाऊन बसले. ज्यांची ओट्याशी उभे राहण्याची शक्ती गेली, त्यांच्यासमोर ते उघडून ‘यात चकलीची भाजणी दिली आहे, तुमची कशी असायची?’ एवढेच विचारावे. पुढचा अर्धा तास आपल्याला फक्त लिहून घ्यावे लागेल. पथ्य सांभाळणाऱ्या मधुमेही वाचकांनी हा खण जेवणानंतर उघडावा.

हसवणाऱ्या पुस्तकांच्या खणाला नाव देण्याची गरज नाही. सगळे त्याला पु. लं.चा खण म्हणतात. मी तेथे चिं. वि. जोशींना पुढे बसवीन. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांची फजिती कोणालाही बोचत नाही, आणि दूरदर्शनवरच्या मालिकेमुळे चिमणराव म्हटल्यावर दिलीप प्रभावळकरांचा चेहरा अजून पुष्कळांच्या डोळ्यांपुढे येतो. नातवंडे आली तर ताम्हणकरांचा ‘गोट्या’ आणि भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ खाली काढावा. वाचून दाखवण्याची पाळी मुलांची असावी.

एक खण कुलपाचा. मतकरींच्या गूढकथा आणि नारायण धारप त्यात राहतील. ज्यांची झोप आधीच तुटक आहे त्यांनी ती कुलपे दिवसाउजेडी उघडावीत. त्यातच मी ‘नटसम्राट’ही ठेवतो, थोडे धाडस करून. नाटक थोर आहे याबद्दल वाद नाही. पण नुकतेच स्वतःचे घर आवरून मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेल्या माणसाला ते भेट म्हणून देऊ नये. त्यांनी स्वतः मागितले तर जरूर द्यावे, आणि ते वाचत असताना जवळ बसावे.

आता सेवाकर्त्यांसाठीचा खण, ‘कडी लावून वाचायची’. आजारी माणसाची शुश्रूषा करणारी व्यक्ती जे वाचते ते बहुधा औषधाच्या वेष्टणावरचे असते. आपण दिवसातून वीस मिनिटे खोलीची कडी लावून घ्यावी, ती वेळ दुसऱ्या कोणालातरी बाहेर बसवावे, आणि या खणात रोगांविषयीचे एकही पुस्तक ठेवू नये. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ येथे असावे. त्यात महिन्यामहिन्यांवर लेख आहेत. आश्विन वाचायचा, मग खिडकीशी उभे राहून बाहेर तो कितपत दिसतो ते पाहायचे. मारुती चितमपल्लींचे ‘पक्षी जाय दिगंतरा’ आणि अनिल अवचटांचे ‘छंदांविषयी’ ही दोन्ही कोठूनही उघडून कोठेही मिटता येतात. दुसऱ्या खोलीतून हाक येईल म्हणून कान टवकारलेल्या वाचकाला हाच गुण सर्वांत मोलाचा.

फडताळाच्या माथ्यावर थोडी जागा रिकामी ठेवावी. दिवाळी अंक यायचे आहेत. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून शरदातले मराठी वाचन त्यांच्याच हातात आहे. अंक जाड, टंक बारीक, जाहिराती उदंड. म्हणून अंक घरी आला की आधी वाचायला बसू नये. दोघांनी वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिली घ्याव्यात, अनुक्रमणिकेवर आपापल्या खुणा कराव्यात, आणि दोन्ही खुणा ज्या लेखावर पडतील तो त्या संध्याकाळी मोठ्याने वाचायला घ्यावा.