दवाखान्याच्या दारात पोलिसांची भीती

सतरा वर्षांची गरोदर मुलगी सरकारी रुग्णालयात गेली, तर केसपेपरवर वयाची नोंद होताच उपचारांबरोबर पोलीस कारवाईचीही चक्रे फिरू लागतात. ती विवाहित असली तरी त्यात फरक पडत नाही. वस्तीतल्या मुलींना हे आता पुरते ठाऊक झाले आहे, आणि म्हणूनच काहीजणी वय वाढवून सांगतात, काहीजणी जातच नाहीत.

'पोक्सो' कायदा 2012 मध्ये आला तेव्हा संमतीचे वय 16 वरून 18 झाले. बालकांवरील अत्याचार दडपले जाऊ नयेत, हा या कायद्याचा हेतू रास्तच होता. त्यासाठी कलम 19 नुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळविण्याचे बंधन आले. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, आशा सेविका, कोणीही त्यातून सुटलेले नाही. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच, असा निर्वाळा दिला. तत्त्व म्हणून तो योग्य असला, तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 20 ते 24 वयोगटातील सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. बालविवाह प्रामुख्याने गरीब घरांतच होतात. अशा घरातल्या मुलीने गरोदरपणाची तपासणी करून घ्यायची म्हणजे नवऱ्याला तुरुंगाच्या दारात नेऊन उभे करायचे!

दुसरीकडे, 2014 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात त्यातील केंद्रे 'मैत्री क्लिनिक' म्हणून ओळखली जातात. तेथे 10 ते 19 वयोगटाला गर्भनिरोधन, गुप्तरोग, मासिक पाळी यांविषयी गोपनीय सल्ला मिळावा, अशी अपेक्षा आहे. मात्र मुलीने मन मोकळे केले की समुपदेशकाला गोपनीयता आणि कायदा यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. एकाच शासनाने दिलेले हे दोन आदेश परस्परांना छेद देतात.

कायदा खासगी डॉक्टरांनाही तितकाच लागू आहे. परंतु ज्यांच्याकडे पैसा, ओळखी आणि माहिती आहे, त्यांना मार्ग सापडतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहाजणांत राहणाऱ्या मुलीकडे यातले काहीच नसते. शाळेकडून तरी माहिती मिळावी, तर 2007 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत संस्कृतीच्या नावाने गदारोळ होऊन तो अभ्यासक्रम रोखण्यात आला. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये संततिनियमन केंद्र उघडले, ते याच राज्यात, मुंबईत!

सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कोंडीची दखल घेतली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना तिचे नाव कळविणे आवश्यक नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. दिलासा मोठा आहे, पण आईवडिलांनाच घाबरणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग थोडा. गर्भनिरोधनाचा सल्ला वा संसर्गावरील उपचार घेणारीला तर ही सवलतच नाही.

विधी आयोगाने 2023 मध्ये संमतीचे वय कमी करू नये, मात्र 16 ते 18 वयोगटातील संमतीच्या प्रकरणांत शिक्षा ठरविताना न्यायालयाला तारतम्य वापरता यावे, अशी शिफारस केली. म्हणजे तारतम्याची पाळी येणार ती गुन्हा नोंदला जाऊन खटला उभा राहिल्यानंतर. त्याच्या कितीतरी आधी, केसपेपरच्या खिडकीशी परत फिरणाऱ्या मुलीबद्दल त्या शिफारशीत काही नाही.