विकताना एकत्र, घेताना एकटे

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकून इंदापूरच्या दिशेने निघाले की लोणी देवकर लागते. एके काळी ऊस, ज्वारी आणि उजनीच्या फुगवट्याचे पाणी एवढीच या परिसराची ओळख होती. आता तेथे औद्योगिक वसाहत आहे. गेल्या महिन्यात एका नातलगाच्या वास्तुशांतीच्या निमित्ताने तेथे जाणे झाले. पंगती उठल्यानंतर ओसरीवर पाच-सहा तरुण एका वहीभोवती डोकी घालून बसलेले दिसले. क्रिकेटच्या वर्गणीचा हिशेब असावा असे वाटून मी सहज डोकावलो, तर वहीत नावे होती आणि नावांपुढे आकडे : 174, 208, 174, 174, 208...

"काका, हे सॉकेट आहेत," एकाने खुलासा केला. हा मुलगा पुण्यातील एका संगणक कंपनीचे काम घरी बसून करतो. बाकीचे कोणी बारामतीला अभियांत्रिकी शिकणारे, कोणी वसाहतीतील कारखान्यात नोकरीला. संगणकाच्या कळफलकातील प्रत्येक कळीखाली एक छोटा खटका असतो. चांगल्या कळफलकात हा खटका स्वतंत्र असतो आणि तो पटलावर सोल्डरने, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत डाख देऊन, पक्का केलेला असतो. एक खटका बिघडला तर डाख वितळवून तो काढावा लागतो आणि त्यात पटल खराब होण्याची भीती असते. त्यावर उपाय म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची नखाएवढीही नसलेली एक नळी. ती पटलाच्या भोकात दाबून बसवायची, तिच्यात खटक्याची पिन खोवायची. डाखाचे कामच नाही. खटका बिघडला की उपटून दुसरा लावावा. एका खटक्याला दोन पिना, म्हणून 87 कळांच्या कळफलकाला 174 नळ्या आणि 104 कळांच्या कळफलकाला 208. वहीतील आकड्यांचा उलगडा झाला.

ही वस्तू सुटी घेतली तर महाग पडते आणि हजारांनी घेतली तर दर झपाट्याने उतरतो. म्हणून अकरा जणांनी मिळून मागणी नोंदवायचे ठरवले होते. जगभरचे कळफलकांचे शौकीन हेच करतात. एक जण पुढाकार घेतो, पैसे गोळा करतो, परदेशी कारखान्याला मागणी देतो, माल आला की वाटतो. व्यवस्था सोपी आहे आणि तिचा घात होण्याची जागाही तितकीच सोपी आहे. पैसे आगाऊ जातात, माल महिनोन् महिने येत नाही आणि पुढाकार घेणारा एक दिवस फोन उचलेनासा होतो. या अकरांपैकी एकाचे पैसे पूर्वी अशाच एका खरेदीत बुडाले होते. त्यामुळे यंदा पैसे कोणाच्या खात्यावर ठेवायचे, या प्रश्नावर गाडे अडले होते. ज्याच्या नावाचा आग्रह होता तो मुलगा म्हणाला, "काका, रक्कम मोठी नाही, पण कमी-जास्त झाले तर गावात तोंड दाखवता येणार नाही." त्याचे हे वाक्य मला फार मोलाचे वाटले, कारण जिथे अशी भीती शिल्लक आहे तिथेच सामूहिक काम उभे राहू शकते.

त्या ओसरीवर बसल्या बसल्या मला विलेपार्ल्यातील आमची जुनी इमारत आठवली. 1980 च्या आसपासची गोष्ट. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी टेम्पो येई आणि जिन्याखालच्या मोकळ्या जागेत पोती उतरत. तूरडाळ, तांदूळ, शेंगदाणे, साबण, तेलाचे डबे. मग आई आणि शेजारच्या काकू पदर खोचून तराजू मांडीत आणि प्रत्येक घराच्या यादीप्रमाणे वाटप सुरू होई. आम्हा मुलांचे काम पिशव्या धरण्याचे. पोत्यात कधी पाव किलो डाळ कमी भरे. ती तूट कोणा एकीच्या माथी न मारता सर्व घरांत वाटली जाई. पोते जास्त भरले तर ते जास्तीचेही वाटले जाई. हिशेबाची वही दर महिन्याला वेगळ्या घरी जाई. आईची पाळी आली की त्या रात्री आमच्या घरी स्वयंपाक उशिरा होत असे; वडील कुरकुरत, पण बेरीज तपासायला तेच बसत.

मुंबई ग्राहक पंचायतीचा हा एक छोटासा संघ होता. 1972 चा दुष्काळ आणि त्यानंतरची महागाई, साठेबाजी, भेसळ यांनी मध्यमवर्गाचे कंबरडे मोडले होते. मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांनी लाटणी घेतलेल्या स्त्रियांचे मोर्चे काढले. त्यांची विचारसरणी आपल्याहून वेगळी होती, तरी त्या लाटण्यांचा आवाज खरा होता हे मान्य केलेच पाहिजे. मात्र मोर्चा संपल्यावर गृहिणी परत त्याच दुकानदाराच्या दारात उभी राहत होती. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले ते नेमका हा धागा पकडून. 1975 च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत बिंदुमाधवांबरोबर मधुकरराव मंत्री होते आणि सुधीर फडके होते. बाबूजींना महाराष्ट्र गायक-संगीतकार म्हणून ओळखतो, दादरा-नगर हवेलीच्या 1954 च्या मुक्तिसंग्रामातील सैनिक म्हणूनही ओळखतो. पण डाळ-तांदळाच्या रास्त भावासाठी झटणारे बाबूजी आज फारसे कोणाला आठवत नाहीत.

पंचायतीची पद्धत अगदी साधी होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी आधी कागदावर नोंदवायची, पैसे आधी भरायचे. सर्व संघांच्या मागण्यांची बेरीज करून माल थेट उत्पादकाकडून वा मोठ्या बाजारातून घ्यायचा आणि संघाच्या दारात उतरवायचा. दुकान नाही, गल्ल्यावर बसणारा नोकर नाही. वाटपाचे श्रम सभासदांचेच. स्वस्ताई यातून आली, यात शंका नाही. परंतु आमच्या जिन्याखाली मी जे पाहिले ते स्वस्ताईपुरते नव्हते. मागणी आधी ठरलेली असल्याने कोणी उधारी मागत नसे. श्रम सर्वांचे असल्याने कोणी कोणाचे गिऱ्हाईक नव्हते. आणि वही फिरती असल्याने संशयाला घर मिळत नव्हते. ही पद्धत निव्वळ आपल्याकडचीच असे म्हणण्याचा अट्टाहास नको. इंग्लंडातील रॉचडेल येथे 1844 मध्ये 28 विणकर व इतर कारागिरांनी 28 पौंडांच्या भांडवलावर दुकान काढले, तेही पीठ, साखर, लोणी असल्याच वस्तूंचे. आणि शुद्ध माल, चोख वजन, रोख व्यवहार हाच त्यांचा बाणा होता. मुंबईत नायगावच्या कामगारांनी 1948 मध्ये काढलेला 'अपना बाजार' त्याच वाटेवरचा.

आता पुन्हा लोणी देवकरकडे येतो. इंदापूर-बारामती हा सहकाराचा मुलूख. भवानीनगरचा छत्रपती कारखाना घ्या, गावोगावच्या दूध संस्था घ्या; येथील शेतकऱ्याला एकत्र येणे शिकवावे लागत नाही. पण ते एकत्र येणे विकण्यासाठी आहे. ऊस एकत्र घालतो, दूध एकत्र घालतो. आणि तोच शेतकरी खत, बियाणे, औषध, ठिबकची नळी घ्यायला मात्र एकटा दुकानात जातो, सांगितलेला दर देतो आणि वर चहा पिऊन येतो. विकताना सहकारी आणि घेताना निराधार, अशी ही स्थिती आहे. सहकाराच्या सभांतून उसाच्या दरावर तासन् तास भाषणे होतात. सभासदाच्या खरेदीवर एखादे झाले तर मला तरी ऐकल्याचे स्मरत नाही. त्या अकरा मुलांनी नकळत ही दुसरी बाजू हाती घेतली होती, तीही डोळ्यांना नीट दिसत नाही अशा वस्तूसाठी.

हा माल ते चीनमधून मागवणार होते. तो शब्द उच्चारताना त्यांनी माझ्याकडे जरा चाचरतच पाहिले. 2020 मध्ये गलवाननंतर आपण सर्वांनी चिनी मालावर बहिष्काराच्या घोषणा दिल्या, दिवाळीत आकाशकंदील तपासून घेतले. ते योग्यच होते. परंतु घोषणा सामूहिक असते आणि खरेदी मात्र ज्याची त्याने फोनवर बोट दाबून केलेली असते. म्हणून घोषणेचे बळ खरेदीत उतरत नाही. एकट्या मुलाने 208 नळ्या मागितल्या तर भोसरीचा कोणताही लघुउद्योजक त्यासाठी साचा करणार नाही, आणि तो करत नाही म्हणून त्याला दोष देता येणार नाही. पण दहा तालुक्यांच्या दहा वह्यांची बेरीज घेऊन कोणी गेले तर तो निदान गणित मांडून पाहील. केंद्र सरकारने मार्च 2025 मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी 22,919 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. विद्युत-यांत्रिक भागही तिच्या कक्षेत आहेत. सरकार पैसा देईल. गिऱ्हाइकांची नोंदवलेली मागणी सरकार कोठून आणणार? ती समाजानेच बांधावी लागते, आणि त्या बांधणीचा अनुभव ग्राहक पंचायतीच्या जुन्या कार्यकर्त्यांपाशी आहे. आपल्या शाखा-शाखांतून त्यांना बोलावून ऐकावे, असे मी अनेकदा सुचवले आहे. उत्तर येते की, आता ऑनलाइनच्या युगात त्याची गरज काय? ज्या मुलाचे पैसे ऑनलाइन बुडाले त्याला हा प्रश्न विचारून पाहावा.

मुलांनी सल्ला मागितला तेव्हा मला आईची वही आठवत होती, तेच सांगितले. पैसे दोघांच्या संयुक्त खात्यावर ठेवा आणि त्या दोघांतला एक असा असू द्या ज्याला सॉकेट नको आहे. प्रत्येकाने आपल्या पटलाच्या भोकाचा व्यास स्वतः मोजून सही करून द्यावा, कारण नळी बसली नाही तर तो दोष पुढाकार घेणाऱ्याचा नव्हे. जकात आणि टपालखर्च आधीच धरून वर्गणी काढा. माल विमानतळावर अडकल्यावर पुन्हा पैसे मागायला गेलात की तिथे मने फाटतात. पुढाकार घेणाऱ्याने एक रुपयाही नफा ठेवू नये. हे केवळ नीतीचे नाही. आपला ग्राहक संरक्षण कायदा, 1986 चा असो वा त्याच्या जागी आलेला 2019 चा, पुन्हा विकण्यासाठी घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही. नफा घेतला की तुम्ही व्यापारी झालात. अर्थात समुद्रापलीकडच्या विक्रेत्यापुढे या कायद्याचा हात किती पोहोचणार हे मला ठाऊक आहे, म्हणून एकदम सगळी रक्कम पाठवू नका, आधी शंभर नळ्यांचा नमुना मागवा, असेही सांगितले. यावर एक जण म्हणाला, "नमुन्याचा टपालखर्च कोण देणार?" मी म्हटले, "अकराही जण." ते काही त्याला फारसे पटलेले दिसले नाही.

खरा पेच त्यानंतर निघाला. विक्रेता हजाराच्या पटीतच माल देणार होता. सहा जणांच्या 174 प्रमाणे 1,044 आणि पाच जणांच्या 208 प्रमाणे 1,040, मिळून 2,084 नळ्या. म्हणजे घ्यायच्या तीन हजार आणि उरणार 916. या उरलेल्या कोणाच्या? कोणी म्हणाला विकून टाकू, कोणी म्हणाला अकरांत वाटून घेऊ. ज्याचे पैसे पूर्वी बुडाले होते तो इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, त्या गावातल्या शाळेच्या संगणक खोलीला द्याव्यात आणि तिथले मोडके कळफलक आपणच बसून दुरुस्त करावेत. त्या कळफलकांत असा खटका असतो का, यावर लगेच वाद सुरू झाला. बहुतेकांच्या मते नसतो, त्यात रबराची चकती असते. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाऊन एक कळफलक उघडून पाहायचे ठरले आणि वही, पाळी नसताना, त्याच्याकडे देण्यात आली.