दुकानाची पाटी मराठीत झाली, पण लांबून वाचता येते का?

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या बाजारपेठेत ‘कृषी सेवा केंद्र’ ही पाटी हमखास दिसते. शब्द तीनच, पण अरुंद गाळ्याच्या दर्शनी भागावर ते बसवताना फ्लेक्स करणाऱ्याचा कस लागतो. प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे कायदा आहे आणि अक्षरकलाही.

नियम काय सांगतो?

राज्य सरकारने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशीही अट आहे. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती.

मग अडचण कुठे आहे?

इंग्रजी कॅपिटल अक्षरं एका पट्टीत मावतात. देवनागरीला तीन मजले लागतात. ‘केंद्र’मध्ये शिरोरेघेच्या वर मात्रा आणि अनुस्वार, ‘कृ’मध्ये खाली ऋकार. त्यामुळे कॉम्प्युटरवर दोन्ही लिपींचा पॉइंट साइझ सारखा ठेवला, तरी मराठी अक्षराचा मुख्य भाग लहान दिसतो. म्हणजे आकडा सारखा असला, तरी रस्त्यावरून मराठी नाव दुय्यमच वाटू शकतं.

अक्षरं दाबली तर चालत नाही का?

जागा कमी पडली की साधा फॉन्ट आडवा दाबला जातो. त्यात उभ्या रेषा बारीक होतात, शिरोरेघ मात्र तेवढीच जाड राहते. अक्षराचा तोल जातो. अरुंद फॉन्ट असा दाबून तयार होत नाही. त्यात प्रत्येक अक्षर नव्याने काढावं लागतं. ठळक करताना ‘भ’, ‘ध’, ‘ष’ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजणार नाही, हेही पाहावं लागतं.

पर्याय कोणते?

इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘खंड’ हा आटोपशीर रुंदीचा, जवळपास एकाच जाडीच्या रेषांचा फॉन्ट आहे. ‘तेको’ही त्याच घराण्यातला. याउलट ‘रोझा वन’मध्ये जाड आणि बारीक रेषांत टोकाचा फरक आहे. इंग्रजीत अक्षरांच्या टोकांना छोटे पाय असलेल्या ठळक सेरिफ फॉन्टमध्ये जो थाट दिसतो, तो देवनागरीत या जाड-बारीक फरकातून येतो. ही सवय मुळात बोरूच्या तिरक्या कापाची. मासिकाच्या मथळ्याला ती शोभते, पण लांबून बघताना बारीक रेषा आधी नाहीशा होतात. हे तिन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात.

आणखी एक बाब तपासायला हवी. अनेक फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवला आहे.

याचा अर्थ काय?

कायदा अक्षराच्या आकाराबद्दल बोलतो, वाचनीयतेबद्दल नाही. तालुक्याच्या बाजारात नवख्या गिऱ्हाईकाला दुकान पाटीवरूनच सापडतं. त्यामुळे फ्लेक्स छापायला देण्यापूर्वी नमुना मोबाइलवर घेऊन हात लांब करून पाहावा. अनुस्वार दिसला नाही, तर अक्षरं दाबण्याऐवजी फॉन्ट बदलावा.