पडलेल्या स्वाराने केव्हा परतावे?

२१ जानेवारी २०१७ च्या रात्री अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अनाहाइम येथील क्रीडांगणावर, केन रोक्झन नावाचा बावीस वर्षांचा जर्मन तरुण शर्यतीत उडी घेताना आपल्या मोटारसायकलीवरून हवेत फेकला गेला. त्या मोसमातील पहिल्या दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या होत्या. तिसरीत तो पडला, आणि उठला तेव्हा त्याचा डावा हात हात म्हणण्याच्या स्थितीत राहिला नव्हता. कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड मोडलेले, मनगट निखळलेले, कोपराचा सांधा उखडलेला. हात कापावा लागतो की काय, येथपर्यंत गोष्ट गेली होती. त्यानंतर त्या एका हातावर अकरा शस्त्रक्रिया झाल्या. आणि तरीही ६ जानेवारी २०१८ रोजी, म्हणजे वर्ष पुरे होण्यास पंधरवडा उरला असताना, तोच तरुण त्याच गावी पुन्हा शर्यतीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

एका परक्या देशातील मोटारसायकलस्वाराची ही हकिगत या स्तंभात कशासाठी, असा प्रश्न वाचक आम्हांस विचारतील. त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. मोटोक्रॉस हा खेळ आता परका राहिलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी येथील क्रीडासंकुलात मातीचे उंचवटे रचून सुपरक्रॉसची शर्यत झाली आणि तिला देशोदेशीचे स्वार आले. आमच्या गावोगावच्या मुलांच्या हाती मोटारसायकल तर केव्हाच आलेली आहे, आणि पडीक माळावर उड्या मारण्याचा नादही तिच्याबरोबर आला आहे. तेव्हा या खेळात पडतात कसे, आणि पडल्यावर परततात कसे, याचा विचार करण्याची वेळ आमच्या उंबऱ्याशी आलेली आहे.

या खेळाचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे. डांबरी रस्त्यावरील शर्यतीसारखी ही केवळ वेगाची शर्यत नव्हे. उघड्या माळावरील मोटोक्रॉसमध्ये अमेरिकेत चाळीस स्वार एका ओळीत उभे राहतात, फाटक पडताच सर्वजण एकाच वळणाकडे धावतात, आणि तीस मिनिटे व वर दोन फेऱ्या अशी झुंज एकाच दिवशी दोनदा चालते. क्रीडांगणात माती आणून जी शर्यत होते ती सुपरक्रॉस. मोठ्या गाड्यांच्या वर्गात ती वीस मिनिटे व एक फेरी इतकीच, पण तिच्यात उड्या अधिक आणि चुकीला जागा कमी. शंभर किलोंहून जड गाडी घेऊन स्वार हवेत जातो आणि खाली येताना तो सारा आघात मनगट, कोपर आणि गुडघे यांवर झेलतो. डाव्या हाती क्लच, उजव्या हाती वेग आणि पुढचा ब्रेक. या खेळात दोन्ही हात म्हणजे स्वाराचे प्राण. रोक्झनने नेमका डावा हात मोडून घेतला होता.

त्यातही हाडे मोडणे ही दुखापतीची अर्धी बाजू झाली. हाताचे स्नायू एका न ताणणाऱ्या चिवट आवरणात बांधलेले असतात. आत सूज चढली की तिला पसरण्यास जागा मिळत नाही, दाब वाढतो, रक्त फिरेनासे होते, आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. तेव्हा शस्त्रवैद्याला ते आवरण उभे चिरून मोकळे करावे लागते. रोक्झनच्या हाताची हीच गत झाली होती. हाड सांधणे हे वैद्याच्या हाती असते. मनगट पुन्हा वळेल काय, मूठ पुन्हा आवळेल काय, हे मात्र पुढील कित्येक महिन्यांच्या कंटाळवाण्या व्यायामावर अवलंबून असते. तेथे टाळ्या वाजवायला कोणी नसते.

थुरिंगिया प्रांतातील मॅटष्टेट नावाच्या लहानशा खेड्यातून आलेला हा मुलगा सतराव्या वर्षी, २०११ मध्ये, आपल्या वर्गात जगज्जेता झाला होता. अमेरिकेतील मोठ्या गाड्यांचे मैदानी अजिंक्यपद त्याने २०१४ आणि २०१६ मध्ये मिळवले होते. अशा माणसाला घरी बसणे किती जड गेले असेल हे आम्ही सांगावयास नको. तरी तो जवळजवळ वर्षभर थांबला. परतल्या दिवशी तो जिंकला नाही, चौथा आला. लोकांनी त्याचे कौतुक केले ते योग्यच होते.

परंतु कथा येथे संपली असती तर हा अग्रलेख लिहिण्याचे कारण पडले नसते. परतून पाच आठवडे झाले आणि १० फेब्रुवारी २०१८ रोजी सॅन डिएगो येथे दुसऱ्या एका स्वाराशी टक्कर होऊन त्याचा उजवा हात त्या स्वाराच्या गाडीच्या मागच्या चाकात सापडला. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा अंथरूण. त्याच वर्षी तो पुन्हा मैदानात आला. पुढे २०१९ मध्ये विषाणूजन्य आजाराने अंगातली ताकद ओढून घेतली. सुपरक्रॉसच्या मोठ्या वर्गातील पुढचा विजय त्याला मिळाला तो ११ जानेवारी २०२० रोजी, सेंट लुइस येथे. अपघाताच्या आठवडाभर आधीच्या विजयापासून या विजयापर्यंत जवळजवळ तीन वर्षे गेली होती. परतणे आणि जिंकणे यांत इतके अंतर असू शकते, हे आमच्या तरुणांनी आणि त्याहून अधिक त्यांच्या चाहत्यांनी मनावर कोरून ठेवावे.

याच्या उलट दुसरे उदाहरण पाहा. ऑस्ट्रेलियाचा जेट लॉरेन्स हा स्वार. २०२३ मध्ये मैदानी मोसमातील बावीसच्या बावीस झुंजी त्याने जिंकल्या होत्या. २०२५ च्या फेब्रुवारीच्या आरंभी त्याच्या गुडघ्यातील मुख्य बंध तुटला. अशा शस्त्रक्रियेनंतर खेळाडूने साधारण नऊ महिने तरी थांबावे, असा अनेक क्रीडावैद्यांचा सल्ला असतो. लॉरेन्स मे महिन्याच्या अखेरीस, चार महिनेही पुरे होण्याआधी, कॅलिफोर्नियातील पाला येथे उतरला, दोन्ही झुंजी जिंकला, आणि त्या वर्षीचे मैदानी अजिंक्यपदही त्याने मिळवले.

मग नऊ महिन्यांचा सल्ला खोटा ठरला काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: मुळीच नाही. लॉरेन्सच्या पाठीशी उत्तम शस्त्रवैद्य, रोज तपासणारे तज्ज्ञ, पैसा आणि व्यायामासाठी सारा दिवस मोकळा, असा जामानिमा होता. त्याने जोखीम घेतली ती डोळे उघडे ठेवून घेतली आणि ती त्याला पचली. पण नवा बसवलेला बंध हाडात मुरण्यास आणि बळकट होण्यास महिने लागतात, हा शरीराचा नियम त्याच्या विजयाने रद्द झालेला नाही. एकाचे यश सर्वत्र गाजते. घाईने परतून गुडघा कायमचा गमावलेल्या दहा जणांची बातमी मात्र कोणी छापत नाही, कारण ते पुन्हा शर्यतीत दिसतच नाहीत. अपवादाला नियम समजणे हा तरुणांचा दोष असेल. पण तो त्यांच्या मनात भरवणारे आपण वडीलधारे आणि वृत्तपत्रकारही त्या दोषाचे वाटेकरी आहोत. हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळत नाही. आम्हीही कितीदा 'जखमी वाघाची डरकाळी' अशा थाटाचे मथळे दिले आहेत!

आमच्या मुलखाला हा विचार नवा नाही. तालमीतला वस्ताद खांदा निखळलेल्या मल्लाला जत्रेच्या फडात उतरू देत नसे. मल्ल रुसे, गाव कुजबुजे, इनाम हातचे जाई; वस्ताद बधत नसे. आधी साधा व्यायाम, मग हलकी झुंज, मग तुल्यबळ जोड, आणि शेवटी फड, अशी पायरी ठरलेली असे. त्याला क्रीडावैद्यक हे नाव ठाऊक नव्हते, पण पोराचे पुढचे दहा वर्षांचे आयुष्य त्याच्या डोळ्यांपुढे असे. मोटारसायकलीच्या खेळात हा वस्तादच अद्याप आमच्याकडे निर्माण व्हावयाचा आहे. आज गाडी आहे, माळ आहे, हौस आहे. 'थांब' म्हणणारा अधिकारी माणूस नाही.

म्हणून आमचे म्हणणे तिघांना आहे. जे शर्यती भरवतात त्यांनी मैदानाशी रुग्णवाहिका व वैद्य आणि प्रत्येक उंचवट्याशी निशाण दाखवणारा माणूस असल्याखेरीज फाटक पाडू नये. दुखापतीनंतर परतणाऱ्या स्वाराला वैद्याच्या लेखी संमतीवाचून नाव नोंदवू देऊ नये, आणि डोक्याला मार बसल्याचा संशय जरी आला तरी त्या दिवशी त्याला पुन्हा गाडीवर बसू देऊ नये. जे पालक आहेत त्यांनी मुलाची गाडी काढून घेऊन प्रश्न सुटला असे मानू नये; मग तो चोरून दुसऱ्याची गाडी घेईल, तीही शिरस्त्राणावाचून. त्यापेक्षा त्याला शिकवणाऱ्याच्या हाती द्यावे. आणि जे प्रेक्षक आहेत, त्यांनी परतलेल्या मुलाकडून पहिल्याच दिवशी विजयाची वसुली करू नये.

आमच्या गावातील एखादा मुलगा आज प्लास्टरमधला पाय खाटेवर ठेवून पडला असेल, आणि मित्र रोज येऊन 'केव्हा येतोस?' असे विचारत असतील. त्याला आम्ही सांगू इच्छितो, की बाबा रे, रोक्झनही त्या खाटेवर पडून होता, तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत. तो परतला तो वैद्याच्या सांगण्याप्रमाणे मूठ एकेक बोट आवळत परतला. तूही परतशील. मित्रांच्या प्रश्नाला तारीख सांगू नकोस. पाय बरा झाला की येईन, इतकेच सांग. त्या उत्तराची लाज वाटण्याचे काही कारण नाही, आणि ते ऐकून जे हसतील ते तुझा मोडका पाय सांधायला येणार नाहीत.