तपासणी म्हणजे शिक्का नव्हे

मागच्या रविवारी आमच्या कळंबच्या वस्तीतील एक भगिनी पाचवीतल्या मुलाची वही घेऊन घरी आली. "दादा, पोराले वाचता येत नाही. शाळेत त्याले ढ म्हणते," असे सांगताना तिचे डोळे भरून आले. मी पोराला जवळ बसवले. किराण्याचा तोंडी हिशेब त्याने चटकन केला. पण पुस्तकातले 'कमळ' त्याने 'मकळ' वाचले. अशा मुलाला ढ कसे म्हणावे?

बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडते, त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. 1995 च्या अपंग कायद्यात तिचे नाव नव्हते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ते आले. अशी मुले शाळेनेच लवकर ओळखावीत, असे हा कायदा सांगतो.

तरी मुलाचे वडील अडून बसले. "आपल्या कपाळावर शिक्के का कमी आहेत? आणखी एक कशाले?" त्यांची भीती खोटी नव्हती. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बुद्ध्यांक चाचणी घेऊन कृष्णवर्णीय मुलांना मोठ्या संख्येने मतिमंदांच्या वर्गात टाकले जात होते. पालक कोर्टात गेले. ही चाचणी त्या मुलांवर अन्याय करते, असा निकाल 1979 साली लागला आणि त्या कामासाठी तिचा वापर बंद झाला.

तेव्हा बंधू-भगिनींनो, तपासणी टाळू नका, ती डोळसपणे करून घ्या. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा न दिसणारे पोरही अभ्यासात मागे पडते. त्यानंतर बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाची चाचणी. ती मुलाला समजणाऱ्या भाषेतच घ्या, असा आग्रह धरा. निकाल काय लागला, ते समजेपर्यंत विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

प्रमाणपत्र अधिकृत वैद्यकीय मंडळाचेच घ्यावे. ते मिळाले तर दहावीच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटे जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे मुलाला वेगळे काढलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही.

हे सारे समजावल्यावर वडिलांनी अर्जावर सही केली. तपासणीत काय निघेल ते निघो. जाताना माउली मात्र घरधन्याला बजावून गेली, "आजपासून आपल्या घरात ढ हा शब्द बंद."