आजीच्या तोड्यांचे वजन

२०२५ च्या डिसेंबरात चांदीने किलोमागे दोन लाखांचा टप्पा ओलांडला आणि आमच्या बुलडाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत कणग्यांचे बूड, भिंतीतले कोनाडे, जुन्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. सोयाबीनला भाव नाही, कापसाचे पैसे औषध-खताच्या उधारीत गेले; मग घरात राहिले काय? आजीच्या, पणजीच्या अंगावरची चांदी. त्याच दिवसांत मेहकर तालुक्यातील एक आजी आपल्या नातीला घेऊन माझ्याकडे आली. वय सत्तरीच्या पुढे. पिशवीत सासूचे पायातले तोडे, फडक्यात बांधलेले चार कलदार रुपये आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर दुकानाचे नाव नाही, तारीख नाही, सही नाही. पेन्सिलीने फक्त दोन आकडे लिहिलेले: ४२ आणि ६०.

आजीचा वाद दुकानदाराशी नव्हताच. तिला एवढेच विचारायचे होते की पन्नास हजार चारशे रुपये हा भाव बरोबर आहे काय. नात मात्र धुसफुसत होती. ती म्हणाली, "सर, मशीनचा आकडा त्याच्याकडं होता. मी म्हटलं इकडं फिरवा, तर तो म्हणे आधी आजीला विचार वजन किती ते." आजी म्हणाली, "मले पाठ हाय ना बाप्पा. माह्या सासूनं सांगतलं व्हतं, बेचाळीस तोळे. त्यानं बी बेचाळीसच सांगतले. मंग खोटं काहून म्हणाव?"

सारी गोम याच ठिकाणी आहे. सासूचा तोळा हा जुना तोळा होता. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि हा तोळा आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम भरतो. बाजारात आज बोलताना ‘तोळा’ म्हणतात तो दहा ग्रॅमचा. म्हणजे आजीचे बेचाळीस तोळे ४९० ग्रॅम आणि दुकानदाराचे बेचाळीस तोळे ४२० ग्रॅम. दोघांच्या तोंडी शब्द एकच, आणि मधल्या मधे सत्तर ग्रॅम चांदी गायब! खोटे बोलण्याचीही गरज पडली नाही. आजीच्याच तोंडचा आकडा तिच्याच विरुद्ध वापरला.

दुसरा आकडा ६०, म्हणजे टंच. शंभर भागांत साठ भाग चांदी, बाकी तांबे-जस्त. हा टंच कशावरून काढला? "पाहूनच सांगितला," असे नात म्हणाली. मी त्यांना खामगावला पाठवले. खामगावला रजतनगरी म्हणतात ते उगीच नाही. तिथल्या चांदीच्या शुद्धतेचे नाव राज्याबाहेरही आहे. तिथे त्यांच्यासमोर वजन झाले, ४९० ग्रॅम. टाक्याची जागा सोडून तोड्याचा बारीक तुकडा काढून तपासला तेव्हा टंच निघाला ८०. आता वाचकांनी स्वतःच हिशेब करावा. ४२० ग्रॅमचे साठ टक्के २५२ ग्रॅम. ४९० ग्रॅमचे ऐंशी टक्के ३९२ ग्रॅम. ग्रॅमला दोनशे रुपये धरले तर एकीकडे ५०,४०० आणि दुसरीकडे ७८,४००. गाळणीची घट धरली तरी पंचवीस हजारांवर फरक. शेतमजूर बाईला एवढे कमवायला किती महिने निंदण करावे लागते?

त्या चार रुपयांची गोष्ट वेगळीच. दुकानदाराने चारही ‘अर्ध्या चांदीचे’ म्हणून बाजूला टाकले होते. मी भिंग लावून साल पाहिले. तीन नाणी पंचम जॉर्जची, एक १९४४ चे. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे, म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या नाण्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. युद्धाच्या काळात, १९४० पासून, सरकारने ती निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. म्हणजे चारपैकी एकच अर्धे होते. तीन जवळजवळ पूर्ण चांदीचे. ज्यांच्या घरी असे कलदार आहेत, किंवा कलदारांची माळ आहे, त्यांनी आधी साल वाचावे. जुन्या नाण्याला कधी कधी संग्राहक धातूपेक्षा जास्त पैसे देतात, म्हणून घासूनपुसून चकचकीत करू नये आणि घाईने गाळायलाही देऊ नये.

या रुपयाशी आपले नाते फक्त माळेचे नाही. बाबासाहेबांचा ‘रुपयाचा प्रश्न’ हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला तो याच चांदीच्या रुपयावर. १८९३ पर्यंत कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता. इंग्रज सरकारने त्या साली टांकसाळी बंद केल्या आणि रुपयाची किंमत चांदीपासून तोडली. रुपया वर राहिला, चांदी खाली गेली. ज्याची बचत नाण्यात होती तो वाचला. ज्याची बचत बायकोच्या पायातल्या तोड्यात होती तो बुडाला. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातल्या माणसांनी दागिने मोडायला काढले तेव्हा त्यांना मिळालेला भाव हा असा पडलेला होता. चलनाचे निर्णय लंडन-कलकत्त्यात होतात आणि त्यांची तूट खेड्यातल्या बाईच्या अंगावरून निघते, हे तेव्हाही खरे होते.

आता कुणी विचारील, बौद्ध घरात एवढी चांदी कुठून आली? आणि आली तर ती अंगावर का नाही? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाच्या, चांदीच्या पाटल्या ही अस्पृश्यतेची ओळखखूण झाली आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. आमच्या आयाबायांनी ते ऐकले. पण टाकून दिले म्हणजे फेकून दिले नाही; कष्टाचा पैसा होता तो. कणगीत गेला, पेटीत गेला. या आजीच्या सासूनेही तेच केले होते आणि सुनेला सांगून ठेवले होते की हे घालायचे नाही, पोरांच्या कामी आणायचे.

त्याच सुमारास इंदूर संस्थानातील बलाई समाजावर गावच्या सवर्णांनी फर्मान काढले होते की त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी ते उदाहरण दिले आहे. एकाने हुकूम करून उतरवायला लावणे आणि आपण होऊन उतरवणे, यातला फरक ज्याला कळत नाही त्याला आंबेडकरी चळवळ कळली नाही. आज मात्र तिसराच प्रकार सुरू आहे: दागिना आपला, उतरवला आपण आणि किंमत ठरवणार दुसराच.

किंमत तर पुढे, आधी संशय! पारधी वस्तीतली बाई जुनी चांदी घेऊन दुकानात गेली की पहिला प्रश्न, "कुठून आणली?" चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहेच, पूर्वी भारतीय दंडसंहितेचे ४११ कलम होते, आता भारतीय न्याय संहितेचे ३१७ आहे. दुकानदाराने ओळखपत्र मागावे, नोंद ठेवावी, त्याला हरकत नाही. पण तोच संशय भाव पाडायला वापरला जातो. "पावती नाही ना? मग पोलीस विचारतील," एवढे म्हटले की बाई घाबरते आणि मिळेल ते घेऊन निघते. ऐंशी वर्षांपूर्वीच्या तोड्याची पावती कुणाकडे असेल? ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सोने आहे त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

कायद्याचे काय? सोन्याला हॉलमार्क २००० सालापासून आहे, १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय नवा दागिना विकता येत नाही. लहान उलाढालीचे दुकानदार व दोन ग्रॅमखालील नगांना सूट आहे. नव्या हॉलमार्क दागिन्यात कस कमी निघाला तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च अशी तरतूद २०१८ च्या नियमांत आहे. चांदीचा हॉलमार्क २००५ मध्ये आला, १ सप्टेंबर २०२५ पासून त्यालाही एचयूआयडी जोडला, पण ऐच्छिक म्हणून. हे सारे विकत घेणाऱ्यासाठी. मोड विकणारीसाठी काय? ती ग्राहक न्यायालयात गेली तर पहिला आक्षेप हाच येईल की बाई, तू ग्राहक नाहीस, तू विक्रेती आहेस. जुने देऊन नवे घेतले, किंवा दागिना घडवायला, तपासायला दिला, तर ती ग्राहक ठरते, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही नाही. पण रोख पैसे घेऊन मोड विकली की ती उघड्यावर. ही कायद्यातली भोकाची जागा आहे आणि सर्वांत गरीब बाई नेमकी त्यातूनच खाली पडते.

तरी हातात काहीच नाही असे नाही. वजनमापांचा कायदा तिच्या बाजूने आहे. १९५६ च्या कायद्याने आपण मेट्रिक मापे स्वीकारली आणि २००९ च्या वैध मापन कायद्यानुसार प्रमाण मापाखेरीज इतर मापात भाव सांगता येत नाही. म्हणजे ‘तोळ्या’चा व्यवहारच बेकायदा! काट्यावर पडताळणीचा शिक्का पाहण्याचा, आकडा आपल्याकडे फिरवून घेण्याचा आग्रह धरावा. सोन्यासाठी भारतीय मानक ब्युरोच्या मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात कुणीही सामान्य माणूस दागिना नेऊ शकतो. चार नगांपर्यंत दोनशे रुपये शुल्क आहे. दोनशे रुपये वाचवायला आपण वीस हजार घालवतो. मात्र यंत्राखाली धरून आलेला आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. एक्सआरएफ यंत्र पृष्ठभागाचा पातळ थर वाचते. मुलामा असेल तर फसते. आत लाख भरलेली असेल, टाक्यात हलका धातू असेल, तर ती घट योग्यच आहे, पण ती कापायच्या आधी दाखवून, मोजून कापली पाहिजे.

तारणाचा प्रकार यापेक्षा वाईट. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारण कर्जाचे निर्देश काढले, ते १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायचे होते. कस कर्जदाराच्या समोर काढायचा, घट समजावून सांगायची, कर्ज फिटल्यावर सात कामाच्या दिवसांत दागिना परत न केल्यास दिवसाला पाच हजार रुपये द्यायचे. उत्तम! पण हे बँकांना आणि वित्तीय कंपन्यांना. पेरणीच्या आदल्या रात्री आपला माणूस जातो तो गावच्या सावकाराकडे. तिथे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आहे. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि असे तारण ताब्यात घेऊन मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. माझ्याकडे अशी प्रकरणे येतात तेव्हा पहिली अडचण हीच, की चिठ्ठीवर वजन नसते. परत काय मागायचे? "एक डोरलं, एक पोत" एवढ्यावर सावकार कोणतेही डोरले समोर ठेवतो.

आणि हे सगळे गाळणारे हात? सराफ्यातला केर, राख, नालीतला गाळ धुऊन त्यातून सोन्याचांदीचे कण काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. परातीत धुवायचे, पाऱ्याने कण गोळा करायचे, पारा आगीवर उडवायचा. गाळणीच्या खोलीत तेजाबात चांदी विरघळते तेव्हा तांबूस-पिवळा धूर निघतो. तो ज्याच्या छातीत जातो त्याचे नाव कोणत्या हजेरीपटावर असते? वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या अहवालानुसार २०२१ मध्ये भारताने ७५ टन जुने सोने गाळून पुन्हा वापरात आणले आणि जगात चौथा क्रमांक मिळवला. त्या पंचाहत्तर टनांचा धूर कुणी प्यायला, याचा रकाना त्यात नाही.

माझी मागणी छोटी आहे. मोड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाने विकणाऱ्याला छापील पावती द्यावी: ग्रॅममध्ये वजन, टंच, तो कसा काढला, घट किती आणि त्या दिवसाचा भाव. पाच ओळी. राज्य शासनाला हे करायला कितीसा वेळ लागेल? तोवर आपल्या वस्तीतल्या विहारात रविवारी वंदनेनंतर एखाद्या शिकलेल्या पोरीने आयाबायांना ११.६६ आणि १० यातला फरक फळ्यावर लिहून दाखवावा.

आजीने शेवटी एकच तोडा मोडला, नातीच्या नर्सिंगच्या फीसाठी. दुसरा परत कणगीत गेला. पावती तिने नातीकडून दोनदा वाचून घेतली, घडी करून चंचीत ठेवली आणि मला विचारले, "साहेब, सासूचा तोळा मोठा व्हता, मंग लहान कोनं केला?"