बांध फुटला! कोणाचा?

मी वर्गात व्याकरण शिकवतो. ‘बांध फुटला’ या वाक्यात कर्ता कोण? बांध. दुर्घटनेनंतर कंपन्यांची पत्रकं अगदी अशीच असतात : पाऊस पडला, बांध फुटला, राख वाहिली. माणूस कुठेच नाही!

जुलै २०२२ मध्ये महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला. राख कोलार नदीतून कन्हानमध्ये गेली, नागपूरच्या अनेक वस्त्यांचं पाणी अडलं. दोष मात्र पावसाचा! अहो, विदर्भात पावसाळा काय पहिल्यांदाच आला? बांध सांभाळणं पावसाचं काम नव्हतं, कंपनीचं होतं.

नदी ही आपल्याकडची अमानत. सफाईचे चार फोटो छापल्याने ती परत केली असं होत नाही. आधी वाक्यात खरा कर्ता लिहा, मग खुलासा करा.